फाईलीतली बाळं

चार माणसं सहा वर्षं एकाच टेबलाभोवती बसली की कोड कमी आणि किस्से जास्त तयार होतात. कोड निदान डिलीट तरी करता येतो. किस्स्याचं तसं नसतं. एकाने सांगितला की दुसरा म्हणतो, "हे काहीच नाही, त्या दिवशीचं सांग की!" आणि चहा गार.

आमचं ऑफिस सोलापूरच्या भवानी पेठेत, चादरी-टॉवेलांच्या गोडाऊनच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. काम ऐकायला सोपं आहे. जिल्ह्यातली काही प्रसूतिगृहं आम्हाला रोज एक फाईल पाठवतात. आई कोण, गाव कुठलं, बाळ कधी जन्मलं, सगळं तिच्यात असतं. ती फाईल आमच्या प्रोग्रॅमने वाचायची, आणि लसीची तारीख जवळ आली की त्या घरी मोबाईलवर मेसेज पाठवायचा : उद्या बाळाचा डोस आहे, विसरू नका. बस्स.

पण फाईल म्हणजे सरळ यादी नव्हे. हॉस्पिटलच्या आत आई, आईच्या आत बाळ, बाळाच्या आत डोस, डोसाच्या आत तारीख. प्रत्येक पायरीला एक महिरपी कंस उघडतो आणि कुठेतरी पार खाली जाऊन बंद होतो. हा सगळा नुसता मजकूर. त्यातून प्रोग्रॅमला कळेल अशी आई आणि असं बाळ उभं करायचं, त्याला आमच्यात 'ऑब्जेक्ट करणं' म्हणतात. हे काम आमच्याकडे सगळ्यात चांगलं कोण करतं? विजयाताई! त्यामुळे आमचा कुठलाही किस्सा फिरून फिरून त्यांच्याकडेच जातो, त्याला माझा इलाज नाही.

बाकी आम्ही तिघं. मल्लूसर म्हणजे मालक, मूळचे अक्कलकोटचे. खूश असले की मराठीत बोलतात, चिडले की कन्नडमध्ये. शबाना फोन आणि टेस्टिंग सांभाळते. आणि मी, प्रशांत, इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन आलेला शहाणा.

* * *

माझा पहिला दिवस. मल्लूसरांनी आठ हजार ओळींची फाईल हातात दिली आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत ऑब्जेक्ट कर."

मी म्हटलं, यात काय! स्वल्पविराम दिसला की तोडायचं आणि एकेक तुकडा एकेका रकान्यात भरायचा. दीड तासात काम फत्ते. मोठ्या ऐटीत सगळ्यांना बोलावलं.

स्क्रीनवर पहिली आई आली. नाव, रेणुका. पत्ता, भवानी पेठ. वय, 'गिरणीजवळ'.

पत्त्यातच स्वल्पविराम होते हो! 'भवानी पेठ, गिरणीजवळ, सोलापूर'. पत्ता फुटला आणि त्याचे तुकडे पुढच्या रकान्यांत जाऊन बसले. शबानाने तोंडाला ओढणी लावली. मल्लूसर कन्नडमध्ये गेले.

विजयाताई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या, चष्मा पुसला आणि वाचलं, "वय गिरणीजवळ, रक्तगट सोलापूर. बाळंतीन लई खमकी दिसती की!"

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि ती फाईल हाताने लिहायला लागल्या. कंस उघडला की दोन बोटं आत सरकायचं, बंद झाला की दोन बोटं बाहेर. अर्ध्या पानात आई कुठे संपते आणि बाळ कुठे सुरू होतं ते मला स्वच्छ दिसलं.

"आदी असं लिवून काढायचं," त्या म्हणाल्या. "फाईलीत काय हाय ते फाईलीलाच इचारायचं. डिग्रीला न्हाय!"

* * *

ताईंकडे स्वतःची डिग्री आहे ती मराठीची, बी.ए. माढा तालुक्यातलं गाव, लग्न होऊन सोलापूरला आल्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर आमच्याकडे डेटा एंट्रीला लागल्या. म्हणजे हॉस्पिटलचे कागद बघून टाईप करायचं, एवढंच.

तेव्हाचे प्रोग्रॅमर साहेब एका सोमवारी पुण्याला निघून गेले. बुधवारी एका हॉस्पिटलने फाईलीची रचनाच बदलली. आधी बाळाच्या आत असलेली तारीख आता आणखी दोन कंस आत गेली. मेसेज बंद. मल्लूसर डोकं धरून बसले.

विजयाताई म्हणाल्या, "मी बघू का?"

"विजयाबाई, हा कोड आहे."

"व्हय, कोडच हाय. रोज त्येंच्याच पाठीमागं बसून टाईप करत हुते की. त्येंना लिहिताना मोट्यानं बोलायची सवय हुती. ऐकून ऐकून पाठ झालंय समदं."

शुक्रवारी दुपारी मेसेज पुन्हा सुरू झाले! सरांनी कोड उघडून बघितला. सगळी नावं इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. क्लासचं, म्हणजे कोडातल्या साच्याचं, नाव 'आई', त्यात 'बाळ', त्यात 'डोस'. सर म्हणाले, "पुण्याचा कुणी बघेल तर हसेल, विजयाबाई."

"हसू दे की. पन कळंल का न्हाय त्येला?"

आज सात वर्षं झाली, ती नावं तशीच आहेत. मी आल्यावर बदलायला निघालो होतो. बदलून झाल्यावर माझं मलाच कळेना, मग गपचूप परत ठेवली.

* * *

हा शबानाचा किस्सा.

आम्ही वाचतो ती फाईल जेसन प्रकारची. मल्लूसरांनी कर्नाटकच्या सीमेजवळच्या एका लहान हॉस्पिटलला निरोप दिला होता, "आता एक्सेल नको, जेसन पाठवा." दुसऱ्या दिवशी तिथल्या ऑपरेटरचा फोन आला. शबानाने स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमी जेसनला पाठवा म्हनला. पन आमच्यात त्या नावाचं कुनीच न्हाय. लॅबमदी एक जोसेफ हाय, त्येची ड्यूटी दुपारी सुटती. त्यो चालंल का?"

"नक्को भैया! जोसेफ नक्को!" शबाना ओरडली आणि हसता हसता खुर्चीवरून घसरली.

मल्लूसरांनी फोन घेतला आणि वीस मिनिटं कन्नडमध्ये समजावलं. आम्हाला कळलं ते एवढंच, की इकडून मधून मधून 'जेसन' जायचं आणि तिकडून 'हौदा?', म्हणजे 'हो का?', यायचं.

दुसऱ्या दिवशी फाईल आली. एक कंस इकडचा तिकडे नाही, अगदी नमुनेदार! फाईलीचं नाव होतं, 'जोसेफ'.

* * *

आता माझ्या फजितीचा दुसरा.

नव्या बाळाला नाव नसतं, बारसं व्हायचं असतं. फाईलीत ती जागा मोकळी असते, आणि मोकळ्या जागेला कॉम्प्युटर 'null' म्हणतो. हे मला ठाऊक होतं. तो शब्द मेसेजमध्ये जाऊन बसेल, हे मात्र सुचलं नाही. एका सकाळी बऱ्याच घरी मेसेज गेला, 'उद्या null चा डोस आहे.'

बहुतेकांनी सोडून दिलं. एका विणकर घरातून मात्र फोन आला. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. बाळाच्या काकाने मेसेज मोठ्याने वाचला होता, 'नल्ल'. आणि तेलुगूत नल्ल म्हणजे काळं!

फोनवर आजी होती. "आमच्या पोरीला काळी म्हणणारे तुम्ही कोण? काळी असू दे नाहीतर गोरी, आमची आहे ती! आणि बारशाच्या आधी नाव ठेवायचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

शबाना नुसतं "सॉरी अम्मा, सॉरी अम्मा" करत होती. विजयाताईंनी फोन घेतला. कॉम्प्युटर, null, कशाचाच उल्लेख केला नाही. फक्त पत्ता विचारला आणि दुपारी मला घेऊन तिथे गेल्या.

आजी दारात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. ताई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. "अम्मा, चूक आमची हाय. नाव तुमीच ठेवायचं. आमी नुसती डोसाची आठवन करनार."

आजीने माझ्याकडे बघितलं. "हा कोण?"

"ह्येनंच ठेवलं हुतं नाव," ताई म्हणाल्या.

चहा झाला, बाळ बघून झालं, परत येऊन मी कोड बदलला. नाव नसेल तर आता 'तुमच्या बाळाचा डोस' असं जातं. पुढच्या आठवड्यात बारशाचं बोलावणं आलं. आम्ही चौघंही गेलो. आजीने माझा हात धरून अख्ख्या मांडवात फिरवलं आणि प्रत्येकाला ओळख करून दिली, "हे आमच्या पोरीचं पहिलं नाव ठेवणारे!"

* * *

मल्लूसरांना अधूनमधून स्वतः कोड लिहायची हुक्की येते.

आईच्या नोंदीत 'अडचण आल्यास कुणाला कळवायचं' असा रकाना असतो. तिथे नाव नसतं, नुसता एक क्रमांक असतो. सरांनी लिहिलं, क्रमांक दिसला की तो माणूस शोधायचा आणि त्याचाही अख्खा ऑब्जेक्ट करायचा. चांगली कल्पना!

पहिल्या आईच्या रकान्यात निघाला नवरा. नवऱ्याची नोंद उघडली, तर त्याच्या रकान्यात बायको. बायको उघडली, तिच्यात नवरा. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला आणि मशीन बसलं. तीन वेळा.

"एनु इदु! काय हे!" सर ओरडले. "वायर बदला याची!"

ताईंनी जागेवरूनच मान वाकडी करून बघितलं. "वायर ठीक हाय, सर. बायको म्हनती नवऱ्याला इचारा, नवरा म्हनतोय बायकोला इचारा. त्ये बिचारं मधी हेलपाटे घालतंय."

त्यांनी चार ओळी घातल्या. एकदा उभा केलेला माणूस पुन्हा उभा करायचा नाही, आधीच्याकडे बोट दाखवायचं आणि पुढे जायचं. मशीन गार झालं.

उठता उठता म्हणाल्या, "आमच्या घरी इस वर्सं ह्येच चालू हाय. पन घर कदी हँग झालं न्हाय!"

* * *

हा किस्सा आम्ही हसत सांगत नाही. पण ताईंबद्दल बोलायचं तर सांगावाच लागतो.

एका हॉस्पिटलातून फाईल अर्धवट आली. तिकडे वीज गेली होती, लिहिता लिहिता फाईल तुटली होती. शेवटच्या बाळाची जन्मतारीख होती, वजन होतं, मग 'स्थिती' असा शब्द आणि पुढे काहीच नाही. कंस सगळे उघडे.

कंस बंद नसतील तर प्रोग्रॅम फाईल घेत नाही. मी मोजले, चार राहिले होते. चार कंस हाताने टाईप केले. फाईल सुरळीत वाचली गेली, फक्त 'स्थिती' रिकामी. आमचा पहिला मेसेज अभिनंदनाचा असतो. तो जायच्या रांगेत लागला.

ताई मागून बघत होत्या. "ह्ये कंस कुनी लावले?"

"मी. फाईल तुटली होती."

"कंस लावले, फाईल पुरी झाली. बाळाचं काय?"

त्यांनी मेसेज थांबवला आणि हॉस्पिटलला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. सहाव्या वेळी सिस्टरने उचलला. ताईंनी त्या आईचं नाव सांगितलं आणि विचारलं, "सिस्टर, शेवटच्या बाळाच्या म्होरं काय लिवलं हुतं?"

मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. आई कशी हाय?"

बाळ जन्मल्यावर काही तासांतच गेलं होतं.

ताईंनी त्या नोंदीत स्वतःच्या हाताने तसं लिहिलं आणि त्या नंबरवर मेसेज जाणार नाही अशी सोय केली. मल्लूसर मला काही बोलले नाहीत, मराठीतही नाही आणि कन्नडमध्येही नाही. दुसऱ्या दिवशी ताईंनी कोडात एक नियम घातला आणि तोच कागदावर लिहिला : 'तुटलेली फाईल आपण जोडायची नाही. परत मागवायची.' सरांनी तो कागद लॅमिनेट करून आणला आणि स्वतः खुर्चीवर चढून माझ्यासमोरच्या भिंतीवर लावला.

* * *

आणि हा जुळ्यांचा.

माढ्याकडच्या एका हॉस्पिटलच्या फाईलीत एक खोड होती. बाळ एक असलं की 'बाळ' या शब्दापुढे सरळ महिरपी कंस यायचा, म्हणजे एकच बाळ. जुळं असलं की चौकोनी कंस यायचा, म्हणजे बाळांची यादी. मी नवीन असताना या यादीवर माझा प्रोग्रॅम अडला होता. घाईत मी एक ओळ लिहिली : यादी दिसली तर पहिलं घ्या. प्रोग्रॅम चालला, मी विसरून गेलो.

आठ महिन्यांनी ताई डबा खाता खाता फाईल वाचत होत्या. लोक पेपर वाचतात तशा त्या फाईली वाचतात. एकदम हात थांबला.

"प्रशांत, हितं कंस बदललाय. हिला दोन बाळं हायती. आपल्याकडं एकच कसं?"

मी ती ओळ उघडली. 'पहिलं घ्या.' आठ महिने प्रत्येक जुळ्यातल्या दुसऱ्या बाळाला आमच्याकडून एकही मेसेज गेला नव्हता.

ताईंनी डबा बंद केला. "चल, काढ समदी."

नऊ आया निघाल्या. कोड दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. ताईंनी फोन पुढ्यात ओढला, जरा थांबल्या आणि तो माझ्याकडे सरकवला. "तूच कर. मी शेजारी बसते."

पहिल्या घरी दोघांचेही डोस झाले होते, डॉक्टरांनी कार्ड बघून दिले होते. दुसरीकडे गावातल्या आशा सेविका घरी येऊन आठवण करून गेल्या होत्या. पाच फोन झाले, पाचही ठिकाणी सगळं ठीक.

सहाव्या फोनवर ती आई म्हणाली, "दुसऱ्याचा मेसेज आलाच न्हाय की. त्यो बारका हाय, वजन कमी हाय. म्हनलं डॉक्टरच थांबले असतील."

दोन डोस राहिले होते. ताईंनी फोन घेतला, "बाई, बाळाची चूक न्हाय, तुमची न्हाय, डॉक्टरांची न्हाय. चूक आमची हाय. उद्या आमी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं त्या गावी गेलो. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने कार्ड बघितलं, बाळाला तोललं आणि म्हणाली, "उशीर झालाय, पण काही बिघडलेलं नाही. आजपासून सुरू करू." सुई लागल्यावर ते बारकं पोर असं काही किंचाळलं, की ताई हसायला लागल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "ताई, मी राजीनामा देतो."

"दे की," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पन आदी राहिलेले तीन फोन कर."

ऑफिसात येऊन केले. दोन ठिकाणी ठीक होतं. शेवटचा फोन माढ्याजवळच्या एका वस्तीवर लागला. मागे ट्रॅक्टर चालू होता, दोन पोरी एका सुरात रडत होत्या, आणि आई ओरडून बोलत होती. मीही ओरडून सांगितलं, "ताई, आमच्या चुकीमुळे तुमच्या दुसऱ्या मुलीचे मेसेज गेलेच नाहीत! तिचे डोस राहिलेत का?"

"न्हाय वो, झाले की समदे!"

"कसे काय? मेसेज तर एकीचाच येत होता ना?"

ट्रॅक्टर बंद झाला. मग मला लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "अवो सायेब, मेसेज एकीचा आला म्हनून दुसरीला काय घरी ठिवून जाऊ व्हय?"